पप्पांच्या डोळ्यांबद्दल

प्रिय आई-पप्पा,
सलाम.

पप्पा, हे पत्र तुम्ही स्वतः वाचा, आईला वाचायला सांगू नका, ती मधलं गाळेल.

तुम्हाला मोतीबिंदू नाहीये, काचबिंदू आहे, म्हणजे डोळ्याच्या नसेला इजा होते, बहुतेक वेळा आतलं प्रेशर वाढून. डॉक्टर मागच्याच वेळी बोलले होते, पण आई म्हणाली आत्ता नको, नाताळ होऊ दे, खचतील ते. आई चिडू नको ना, तुझा जीव तुटतो ते कळतं मला, पण पप्पा रोज विचारणार ऑपरेशन कधी नि आपण रोज काहीतरी थाप मारणार, कुठवर चालणार गं? म्हणून मीच सांगायचं ठरवलं, दादाला विचारून.

आता नीट ऐका. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवता येते, ड्रॉप त्याच्यासाठीच आहेत. यात बहुतेक वेळा आधी कडेचं दिसणं कमी होतं, समोरचं बराच काळ चांगलं राहतं, म्हणून तुम्हाला पवित्र शास्त्र वाचता येतंय पण त्या दिवशी डावीकडून आलेली रिक्षा दिसली नाही. तुम्ही त्या रिक्षावाल्यालाच झापलंत. त्याची चूक नव्हती पप्पा. अ‍ॅक्टिव्हाची किल्ली दादाकडे आहे आणि ती परत मिळणार नाही. रविवारी उपासनेला न्यायला-आणायला गल्लीतल्या रिक्षावाल्याशी बोललेय, पैसे मी पाठवेन, त्यावरून वाद नको.

तुम्हाला राग येईल. पण खजिनदारकाकांच्या हिशेबाचा घोळ झाला तेव्हा तुम्ही काय केलंत? मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलायला मोकळे होतात. तरी आदल्या संध्याकाळी मला सायकलच्या दांडीवर बसवून त्यांच्या घरी गेलात, आधी चहा घेतला, काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग वही उघडून आकड्यावर बोट ठेवलंत. आकडा काही कमी करून सांगितला नाहीत. येताना म्हणालात, मत्तय 18 मध्ये लिहिलंय, आधी एकटं गाठायचं. मी पेंगत होते पण ऐकलं होतं. विहिरीवरच्या त्या शोमरोनी बाईकडे प्रभूने आधी पाणी मागितलं, पाच नवऱ्यांचं नंतर काढलं, आणि ते ऐकून ती काही रुसून बसली नाही, घागर तिथेच टाकून गावात सांगत सुटली. आत्याच्या तोंडून कळलं असतं तर? ती ईयोबाच्या मित्रांतली, सांत्वनाला येऊन दोषच देणारी, गप्प बसली होती तोवर बरी होती.

रात्री बाथरूमच्या वाटेवर लावायला छोटा दिवा पाठवतेय, पायऱ्यांच्या कडांना दादा पांढरी पट्टी मारेल, आणि मोठ्या अक्षरातलं बायबल मीच घेऊन येते. तुमची खिडकीजवळची खुर्ची हलवायची नाही हे सगळ्यांना बजावलंय.

ड्रॉप रोज, ठरलेल्या वेळीच. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरायचा. दोन वेगळ्या ड्रॉपमध्ये पाच मिनिटं तरी जाऊ द्या. बरं वाटतंय म्हणून बंद करायचे नाहीत, कळलं? आणि मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने भलते ड्रॉप अजिबात नाहीत, स्टेरॉइडच्या ड्रॉपने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. आई, हे तुझ्याकडे.

आईवडिलांना काचबिंदू असला की मुलांनीही डोळे तपासायचे असतात, मी शुक्रवारी जातेय, दादालाही धाडतेय. जे निघेल ते तुम्हाला लगेच सांगेन, तुम्हीही शुगर किती आली ते खरं सांगा, मागचा आकडा मला पटलेला नाही.

तुमची,
बेबी