‘अधिकारी होऊनच जा’ म्हणणाऱ्या मित्रास

सातारा,
८ जून २०२५

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

तुझे पत्र येऊन आज बारा दिवस झाले. मधल्या काळात तू दोनदा फोनवर विचारलेस आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला, कारण फोनवर आपण सगळे हसण्यावारी नेतो आणि मुख्य गोष्ट तशीच राहते. म्हणून आज रविवारचा कागद घेऊन बसलो आहे. तुझ्या पत्रातले एक वाक्य मला लागले, हे आधीच सांगून टाकतो. तू लिहिलेस, ‘सैन्यात जायचेच असेल तर अधिकारी होऊन जा, चार वर्षांची अग्निवीरगिरी करायला जाऊ नकोस.’ तू ते माझ्या काळजीपोटी लिहिलेस, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण मी ते वाचत होतो तेव्हा समोर ओसरीवर आमचे धाकटे चुलते शेंगा फोडत बसले होते. चोवीस वर्षे नोकरी करून ते हवालदार म्हणून पेन्शनवर आले आहेत. ‘काय लिहितोय दोस्त?’ असे त्यांनी विचारले आणि मी पत्राची घडी घालून ते खिशात टाकले.

बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला आणि ७ मेच्या सकाळी पाकिस्तानातल्या तळांवर हल्ले झाल्याची बातमी आली, हे तुला आठवत असेलच. त्या दोन दिवसांच्या फरकामुळे माझे गणितातले ४१ गुण घरात कोणाच्याही लक्षात राहिले नाहीत, हा माझा फायदाच झाला. आमच्या आळीतला एक जवान साखरपुड्यासाठी महिनाभराच्या सुट्टीवर आला होता. त्याला त्याच दिवशी परत हजर होण्याचा निरोप आला. आम्ही तिघे-चौघे त्याला एस. टी. स्टँडवर सोडायला गेलो. त्याची आई पिशवीत चटणीचा डबा कोंबत होती आणि तो पुन्हा पुन्हा तो बाहेर काढून म्हणत होता की डबा फुटला तर सगळ्या कपड्यांना तेल लागेल. शेवटी डबा गेलाच, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून. गाडी हलेपर्यंत त्या दोघांमध्ये बोलणे झाले ते एवढेच. १० मे रोजी गोळीबार थांबला, पण मला त्या प्रसंगातले पुढे आठवत राहिले ते त्याचे शांतपणे बुटाच्या नाड्या आवळून बांधणे. मी त्याच्या जागी असतो तर माझे हात असे चालले असते का, असे मी त्या रात्री स्वतःला विचारले, आणि खरे सांगायचे तर याचे उत्तर आजही माझ्यापाशी नाही.

आता तुझ्या वाक्याकडे येतो. गेल्या वर्षी मामाच्या गावाहून येताना मी अपशिंग्याला थांबलो होतो, ज्याला सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे स्मारक आहे. त्या काळी आपल्या माणसाला सुभेदार-मेजरच्या पुढे बहुतेक वाटच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा पलटणीच्या ज्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांतले यशवंत घाडगे नाईक होते आणि नामदेव जाधव शिपाई. हे मी तुला इतिहासाचा धडा म्हणून सांगत नाही. आपल्या भागात फौज म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा जवान येतो, अधिकारी नंतर, आणि ‘जवान म्हणून जाणे म्हणजे कमी पडणे’ हा विचार आपल्याकडे पुण्याच्या क्लासमधून आला की काय, अशी मला शंका येते. तू रागावणार नाहीस म्हणून लिहिले. (रागावलास तरी सीईटीचा निकाल लागेपर्यंत थांब.)

तरी तुझ्या म्हणण्यातला खरा भाग मी टाळत नाही. चुलत्यांच्या काळची जवानगिरी आणि जून २०२२ नंतरची, म्हणजे चार वर्षांपुरते अग्निवीर घेणारी अग्निपथ योजना आल्यानंतरची जवानगिरी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पूर्वी पंधरा वर्षे झाली की पेन्शन होते. आता पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यांतले ९,००० निधीत कापून हातात २१,०००, आणि असे चढत चौथ्या वर्षी ४०,०००, ज्यातले हातात २८,०००. कापलेली रक्कम चार वर्षांत सुमारे ५ लाख २ हजार होते, तेवढीच सरकार घालते, आणि व्याजासह जे मिळते त्या सेवानिधीवर प्राप्तिकर नाही. ४८ लाखांचा विमा आहे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे ठेवतात, बाकीचे घरी. चुलत्यांनी हे सगळे ऐकून घेतले आणि शेंगेचे टरफल फुंकून म्हणाले, “ट्रॅक्टर, ट्रॉली आन् नांगर घेतला की दहा लाख संपलं. आन् चार वर्षांत तर मेसमधला लंगरवाला नुकता कुठं नाव लक्षात ठेवाय लागतो.”

तुला वाटत असेल की मला गोळीची भीती वाटते किंवा वाटत नाही, यावर हा निर्णय अडला आहे. तसे नाही. मरणाची भीती वाटत नाही असे मी म्हणणार नाही, पण अठराव्या वर्षी ती नीट समजतही नसावी. नोव्हेंबर २०१५ मध्ये कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात धारातीर्थी पडले तेव्हा आपण आठ वर्षांचे होतो आणि आपल्याला त्यातले इतकेच कळले की सगळा जिल्हा त्यांच्या गावाला, पोगरवाडीला चालला आहे. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या, तेव्हा आमच्या आईने वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तो अजून तिथेच आहे. मला रात्री जाग येते ती वेगळ्या गोष्टीने. मी बावीस वर्षांचा आहे, केस अजून बारीक कापलेले आहेत, आणि पारावर बसलेला कोणीतरी विचारतो, “ठेवलं न्हाई व्हय रं तुला?” चारांतले तीन परत येणार हे सरकारनेच ठरवलेले असले तरी गावाच्या हिशेबात तो परत आलेला एकेक जण नापासच असणार. ही भीती मी आजवर कोणालाही सांगितली नव्हती.

मग जायचे तरी का? यासाठी तुला नववीच्या एन. सी. सी. कॅम्पची आठवण करून द्यावी लागेल, तिसऱ्या दिवशी तू तापाचे सोंग काढून खाटेवर पडला होतास तो. त्या रात्री दोन ते चार असा माझा पहारा होता, सामानाच्या तंबूवर. राखायचे होते काय, तर सतरंज्या, पातेली आणि दोन पोती बटाटे. माझ्याबरोबरचा मुलगा पोत्याला टेकून लगेच झोपला. थंडी होती, कोणी तपासायला येण्याची शक्यता नव्हती, आणि तरीही मी दोन तास बसलो नाही. तंबूला फेऱ्या घातल्या, प्रत्येक खुंटीचा दोर हाताने ताणून पाहिला, एक सैल होता तो दगडाने ठोकला. चार वाजता बदलीचा मुलगा आला तेव्हा मला निघावेसे वाटेना. आयुष्यात कोणत्याही कामात मला इतके बरे वाटले नव्हते, आणि ते कोणी पाहिलेही नव्हते. तेव्हापासून मला जे हवे आहे ते हेच काम आहे, हुद्दा नव्हे. त्याच कॅम्पमध्ये गटाला ओंडका ओढ्यापलीकडे न्यायचा होता, तेव्हा कोण कुठे उभे राहील हे तू खाटेवरून उठून येऊन सांगितलेस, आणि ओंडका मी उचलला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एन. डी. ए.) अधिकारी व्हायला जाण्यासाठी जी पाच दिवसांची मुलाखत घेतात, तिथे ते नेमके तुझ्यासारख्याला शोधत असतात, आणि तू मात्र संगणक अभियंता व्हायला निघाला आहेस. यावर काय म्हणावे?

हे लिहिले आणि माझे मलाच वाटले की आपण गणिताला घाबरून नम्रतेचे सोंग तर घेत नाही ना. एन. डी. ए.च्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण नुसत्या गणिताचे, शिवाय चुकलेल्या उत्तराचे गुण कापतात. ४१ गुणवाल्याला ‘मला हुकूम द्यायची हौसच नाही’ असे म्हणणे सोयीचेच आहे. दहावीनंतर संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत प्रवेश मिळतो, ती १९७७ पासून मुलांना याच परीक्षेसाठी तयार करते, हे आपल्याला बारावीत गेल्यावर कळले. दहावीतच कळले असते तर कदाचित मी आज निराळे पत्र लिहिले असते. म्हणून तुझे निम्मे ऐकले आहे. सप्टेंबरच्या परीक्षेचा अर्ज परवा भरला. यश मिळेल असे वाटत नाही, पण न देताच ‘मला नको होते’ असे म्हणायचे नाही, इतके ठरवले आहे.

आणि या महिन्याच्या अखेरीस सुरू होणाऱ्या अग्निवीरच्या लेखी परीक्षेलाही मी बसणार आहे. ५० प्रश्न, एक तास, आणि यंदापासून ती मराठीतही आहे. ती निघाली तर मैदानी. जानेवारीत १६०० मीटरला मला ५ मिनिटे ५२ सेकंद लागत होते. चुलते कालव्याच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला त्यांचे जुने घड्याळ घेऊन उभे राहतात आणि वेळ कधीही लगेच सांगत नाहीत. आधी चालायला लावतात, श्वास खाली बसू देतात, मग सांगतात. गेल्या मंगळवारी ते काही न बोलता घड्याळच माझ्या हातात देऊन पुढे चालू लागले. पाच अठ्ठावीस. पूर्ण गुणांसाठी साडेपाच मिनिटे लागतात. बीमवर पुल-अप्स काढताना मात्र अजून आठच्या पुढे गाडी जात नाही आणि दहा हवेत. मेडिकलची भीती वेगळीच. अकॅडमीतली पोरे दोन्ही पाय जुळवून एकमेकांचे गुडघे टेकतात का ते पाहत बसतात, आणि एका चांगल्या धावणाऱ्याला गेल्या वेळी कानातल्या मळापायी पुन्हा बोलावले होते, म्हणून सगळे कान धुऊन बसले आहेत.

चुलत्यांनी एकच अट घातली आहे, आणि ती मला पटली आहे. भरती झालो तरी पदवी सोडायची नाही. अग्निवीरांसाठी इग्नूची तीन वर्षांची पदवी आहे, तिच्यात निम्मे श्रेयांक सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरतात, बाकीचे विषय आपण द्यायचे. केंद्रीय पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखीव ठेवण्याची घोषणा २०२२ मध्येच झाली, पण पहिली तुकडी अजून चार वर्षे पुरी करून बाहेरच पडलेली नाही, तेव्हा त्या भरवशावर मी काहीच मांडलेले नाही. बावीसाव्या वर्षी हातात पदवी असेल आणि थोडे पैसे असतील, एवढेच धरून चाललो आहे. पारावरच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही, हे मला कळते. पण त्या प्रश्नाला भिऊन घरी राहिलो तर तो कोणी न विचारताही मला ऐकू येत राहील. तिथेच माझा तराजू झुकला.

आईला हे सगळे गुरुवारी रात्री सांगितले. ती भाकरी थापत होती. तिने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. तव्यावरची भाकरी उलटून बऱ्याच वेळाने तिने विचारले, “तिथं सकाळी जेवाय किती वाजता देत्यात?” मी म्हणालो, मला माहीत नाही. तिने चुलत्यांना हाक मारून त्यांना विचारले आणि त्यांनी वेळा सांगितल्या. ती ऐकत होती आणि मान हलवत होती.

आणखी एक राहिले. ३० मे रोजी खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, बाहेर पडली. धाकटी आणि मी मोबाइलवर ते संचलन पाहत होतो. ती आठवीत आहे, वर्गात गणिताला पहिली असते, आणि मी धावायला जातो तेव्हा हल्ली सायकल घेऊन मागे येते. संचलन संपल्यावर तिने मला विचारले की यासाठी गणित किती लागते. तेव्हा सुट्टीत येताना तुझ्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या त्या दोन जाड वह्या घेऊन ये. सप्टेंबरपर्यंत मला दे, नंतर तिच्याकडे राहतील.

काकूंना आणि आजींना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
बाकावरचा शेजारी