हत्तींसाठी बॅले बसवणारा माणूस

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत बॅलेवर लेख आला, बरं वाटलं, पण त्यात सगळा त्याग, तपश्चर्या आणि सोललेली पावलंच होती हो! जॉर्ज बॅलन्शीन या बॅले बसवणाऱ्या थोर नृत्यरचनाकाराला तर एका ओळीत उरकलंत, म्हणून हे पत्र. या माणसाच्या आयुष्यात पोट धरून हसावं असं कितीतरी आहे आणि ते वाचकांपर्यंत पोचायलाच हवं.

मुळात हा बॅलेत आला तोच अपघाताने. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गला याला नौदलाच्या शाळेत जागा मिळाली नाही, बहिणीची बॅलेच्या शाळेत परीक्षा होती म्हणून हाही सोबत गेला, तर बहीण राहिली बाजूला आणि घेतलं याला! पठ्ठ्या लगेच तिथून पळूनही गेला होता.

पुढे १९३४ मध्ये न्यूयॉर्कला नव्या शाळेत 'सेरेनेड' बसवायला घेतलं. पहिल्या संध्याकाळी १७ मुली आल्या, मग रचना १७ जणींची. एक मुलगी उशिरा आली, तर तिचं उशिरा येणंच नाचात घेतलं. एक पडली, रडायला लागली, तेही घेतलं. आपल्याकडे तालमीला उशीर झाला की काय ऐकून घ्यावं लागतं ते सगळ्यांना माहितीये, आणि इथे त्यातूनच अजरामर बॅले तयार झाला.

पण खरी कमाल १९४२ ची. रिंगलिंग सर्कससाठी ५० हत्ती आणि ५० नर्तकी. संगीतासाठी याने थेट स्ट्राविन्स्की या नामवंत संगीतकाराला फोन केला, की पोल्का (उडत्या चालीचं नाचाचं संगीत) हवाय, हत्तींसाठी. त्याने विचारलं हत्ती वयाने केवढे आहेत, हा म्हणाला लहान आहेत, मग तो म्हणाला एकदम लहान असतील तर करतो! आणि खरंच केलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हत्ती झालरीचे फ्रॉक घालून नाचले. घरच्या मुर्का मांजरीलाही त्याने उड्या मारायला शिकवल्या होत्या, तिचे हवेतले फोटो आहेत, बघाच.

मला वाटतं हा नुसता विक्षिप्तपणा नाही. समोर जे येईल, हत्ती असो की रडणारी पोरगी, त्याच्यातून नाच काढायचा हीच त्याची कामाची पद्धत होती आणि नाच शिकणाऱ्या मुलांना ती कळली पाहिजे. ३० एप्रिलला त्याचा स्मृतिदिन असतो, तेव्हा त्याच्यावर अख्खं पान करा ही कळकळीची विनंती. जागा कमी पडली तर बाकीचं कापा, हत्ती तेवढे राहू द्या.

– एक वाचक, पुणे