दोन वेढे की दोन चमचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टेन्शनवर घरगुती उपाय म्हणून तुमच्या पुरवणीत जायफळ-दुधाची चौकट आली होती, ती वाचून लिहितेय. उपाय जुनाच आहे, माझा त्याला विरोध नाही, पण त्यात "जायफळ पूड घालावी" एवढंच छापलंय, किती घालावी ते कुठेच नाही, आणि सगळी गडबड तिथेच होते.

आमच्याच घरातलं सांगते. भावजींची झोप गेले काही महिने उडालीय, घराचा हप्ता, मुलीची बारावी, रात्री दोन वाजता मोबाईल घेऊन बसलेले. कोणीतरी फॉरवर्ड पाठवलं, दोन दिवस चिमूटभर घेतलं, काही फरक पडेना म्हणून तिसऱ्या दिवशी सरळ दोन चमचे भरून. साडेनऊला दूध प्यायले आणि दीडला जावेचा फोन, की ह्यांचं हृदय धडधडतंय, तोंडाला कोरड पडलीय, भिंत सरकतेय म्हणतायत. हॉस्पिटलात डॉक्टर विचारतात काय खाल्लं, तर ती म्हणे काही नाही हो, नुसतं दूध! जायफळ सांगण्यासारखी गोष्ट आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही. दुसरा अख्खा दिवस ते गुंगीत होते.

नंतर समजलं की जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं आणि 5 ग्रॅमच्या आसपास पूड पोटात गेली तरी त्रास होऊ शकतो. म्हणजे दोन भरलेले चमचे, किंवा साधारण एक अख्खं जायफळ. त्यात त्याचा परिणाम काही तासांनी दिसतो, त्यामुळे माणसाला वाटतं काहीच झालं नाही, अजून थोडं घेऊया.

आता आमच्या आजेसासूबाईंची पद्धत बघा. सहाणेवर दुधाचे चार थेंब, जायफळ धरायचं आणि दोन वेढे द्यायचे, म्हणजे दोनदा गोल फिरवून उगाळायचं, बास. बाळगुटीतही तसंच, हळकुंडाचे इतके, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धा, आणि जास्त दिलं की मूल पेंगतं म्हणून ओरडा बसायचा. वजनकाटा कोणाकडे होता? माप त्या उगाळण्यातच होतं, कितीही जोर लावला तरी सहाणेवर चमचाभर जायफळ निघत नाही, हात दुखून येतो. मिक्सर आला, तयार पुडीच्या डब्या आल्या, उपाय तोच राहिला आणि माप मात्र सहाणेबरोबर माळ्यावर गेलं. (श्रीखंडाला किंवा पुरणाला घालतो ते किसूनच, पण ते अख्ख्या घरात वाटलं जातं. पुरणपोळीनंतर येणारी झोप जायफळाची की चौथ्या पोळीची, यावर आमच्याकडे दर होळीला वाद होतो.)

बरं, जायफळाने टेन्शन जातं का? उंदरांवर प्रयोग झालेत, माणसांवर भक्कम अभ्यास फारसे नाहीत. मला विचाराल तर निम्मा गुण गरम दुधाचा आणि दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून सहाणेशी बसण्याचा असावा. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील, किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जायफळाचं औषध करूच नये. आणि महिनोन् महिने झोप नसेल तर तो दुधाचा विषय राहत नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, 14416, फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. भावजींनी आधी आढेवेढे घेतले, मग एका रविवारी दार लावून अर्धा तास बोलले.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तेव्हा शेजारी "दोन वेढे" असं ठळक अक्षरात छापा, आणि वेढा म्हणजे काय तेही लिहा, कारण आमच्या बारावीवालीने मला तेच विचारलं.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे