खाजणातल्या चिखलातलं कॅडमियम

प्रिय आई-बाबा,

आई, त्या दिवशी कॉलवर मी रेडिओॲक्टिव्ह म्हटलं आणि तू एकदम गप्पच झालीस, म्हणून नीट लिहितेय. काळजीचं काही नाहीये गं. मी वापरते ते कॅडमियम-109, म्हणजे कॅडमियम या विषारी धातूचा रेडिओॲक्टिव्ह प्रकार, तेही अगदी थेंबभर, कोटाला बॅज असतो त्यात किती रेडिएशन लागलं ते नोंदलं जातं, आणि टेबलावरून मीटर फिरवल्याशिवाय लॅबमधून कोणी हलत नाही.

आता हे लागतं कशाला, तर खाजणाच्या चिखलात कारखान्यांचं कॅडमियम आधीच मुरलेलं असतं, त्यात मी अजून टाकलं तर जुनं कुठलं आणि माझं कुठलं ते ओळखणार कसं, दोन्ही सारखंच वागतं ना. पण मी टाकलेल्या कॅडमियममधून गॅमा किरण निघतात. त्यामुळे कोलंबीच्या अंगात त्यातलं किती गेलं ते बघायला ती जिवंतच छोट्या नळीत घालून किरण मोजणाऱ्या काउंटरमध्ये ठेवायची, आकडा घ्यायचा आणि परत पाण्यात सोडायची, मारायची गरजच नाही. 462 दिवसांनी ते अर्धं होतं म्हणजे घाईपण नाही.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक केस सांगते. न्यूयॉर्क शहराच्या वर हडसन नदीवर कोल्ड स्प्रिंग गाव आहे, तिथल्या फाउंड्री कोव्ह नावाच्या दलदलीत बॅटरी कारखान्याने 1979 पर्यंत कॅडमियम सोडलं. तिथल्या चिखलातले किडे (गांडुळाचेच भाऊबंद, केसाएवढे बारीक) मरायच्या ऐवजी सरावले!! मग 1990 च्या दशकात त्यांना हेच कॅडमियम-109 देऊन ते कोलंबीला खायला घातले. सरावलेले किडे साध्या किड्यांपेक्षा कितीतरी जास्त कॅडमियम साठवतात, पण त्यातलं बरंचसं कडक कणांमध्ये कोंडून ठेवतात, आणि ते कण कोलंबीला पचतच नाहीत, सरळ बाहेर. साध्या किड्यांमधलं मात्र बरंचसं कोलंबीच्या अंगी लागतं. 1994-95 ला तो चिखल उपसला आणि थोड्याच वर्षांत किड्यांची ती ताकद पण गेली, मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

म्हणून बाबा, चिखलात किती आहे हा नुसता आकडा मला आता अर्धवट वाटतो, ते कशाला चिकटून बसलंय ते बघायला हवं. ओहोटीला आपल्या खाडीला तो कुजक्या अंड्यांचा वास येतो ना, तो सल्फाइडचा, तेच सल्फाइड काळ्या चिखलात कॅडमियमला धरून ठेवतं. गाळ उपसताना हवा लागली की पकड सुटते आणि धातू पाण्यात उतरतो, म्हणजे साफ करायला जाऊन उलट त्रास व्हायचा, म्हणून उपसायचं तरी फार जपून.

आणि हो, काकाने विचारलंय की खाडीच्या तिसऱ्या (शिंपल्या) खाव्यात का. त्याला सांगा, इथे बसून नाही सांगता येणार, त्यासाठी तिथलाच चिखल आणि तिथल्याच तिसऱ्या मोजायला लागतील. भाजणी संपलीये, कोणी येत असेल तर पाठव.

तुमची,
छोटी