विषय : दोन जनरेटर एकत्र जोडण्याबाबत (पुन्हा एकदा)

मा. अध्यक्ष,
स. न. वि. वि.

दोन जनरेटर जोडण्याआधी कॉम्प्युटरवर त्यांचं मॉडेल करून तपासावं, या मागणीच्या माझ्या आधीच्या पत्रांची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. उपविधींप्रमाणे सभासदाच्या लेखी तक्रारीवर समितीने पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा आणि तो 15 दिवसांत कळवायचा असतो. माझ्या दारासमोरच्या कुंड्यांबाबतचा उपविधी समितीला तोंडपाठ आहे, म्हणून हाही नजरेस आणतो.

बी विंगच्या सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सभेत सांगितलं, "दोन जोडले की ताकद दुप्पट, त्यात मॉडेल कसलं करायचं?" टाळ्या पडल्या. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत. हिशेबात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मी नोकरीभर अल्टरनेटरचं (जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग) टेस्टिंग केलं, हे मात्र इतिवृत्तात आलं नाही.

जुन्या मशीनचं वाइंडिंग (आतल्या तारेचे वेढे) 5/6 पिचचं, नव्याचं 2/3 पिचचं; पिच म्हणजे वेढ्याची रुंदी दोन चुंबकीय ध्रुवांमधल्या अंतराच्या किती पट, ते. दोघांच्या व्होल्टेजमधला तिसरा हार्मोनिक, म्हणजे 50 हर्ट्झच्या मूळ लहरीवर चढलेली तिप्पट फ्रिक्वेन्सीची लहर, सारखा नाही. न्यूट्रल (परतीच्या तारा) एकत्र बांधले की 150 हर्ट्झचा करंट दोन मशीनमध्येच फिरत राहतो, बिल्डिंगमध्ये एकही दिवा लागलेला नसला तरी. ट्रायलच्या दिवशी न्यूट्रलची केबल तापली ती त्यामुळे, वॉचमनच्या पंख्यामुळे नव्हे.

त्यावर लिफ्टचे ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी यंत्रणा). ते आधी एसीचं डीसी करतात आणि करंट सलग न ओढता लचके तोडल्यासारखा ओढतात. 250 आणि 350 हर्ट्झचे हार्मोनिक त्यातूनच निघतात. वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरवर हे खपून जातं, कारण त्याचा इम्पीडन्स (करंटला होणारा आतला अडथळा) साधारण 4-5 टक्के. अल्टरनेटरचा सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स (अशा झटक्याच्या करंटला होणारा अडथळा) त्याच्या दोन-तीन पट असतो, त्यामुळे व्होल्टेजचा आकारच बिघडतो, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं उपकरण) गोंधळतो आणि दोन्ही मशीन रिअॅक्टिव्ह लोड (काम न करता नुसता ये-जा करणारा भार) एकमेकांवर ढकलू लागतात. पार्किंगच्या वादात आपल्या दोन विंग करतात तसं.

ठेकेदाराच्या कागदावर लिफ्ट म्हणजे नुसता किलोवॅटचा आकडा आहे. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर कुठे गेला? दोन्ही मशीनचे रिअॅक्टन्स आणि वाइंडिंगचा पिच, गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा) आणि एव्हीआरचा ड्रूप (लोड वाढला की वेग आणि व्होल्टेज किती उतरू द्यायचं, ते), केबलची लांबी आणि ड्राइव्ह जसाच्या तसा, एवढं घातल्याशिवाय त्याला मॉडेल म्हणता येत नाही. सिम्युलिंक या सॉफ्टवेअरवर होणारं काम आहे. लॉबीच्या ग्रॅनाइटहून नक्कीच स्वस्त.

ए विंगमधल्या बहुतेकांचं मत माझ्यासारखंच आहे. सह्या करायला ते कचरतात, कारण पार्किंगची सोडत जवळ आली आहे.

अशा मॉडेलचा अहवाल येईपर्यंत एका जनरेटरवर लिफ्ट आणि पंप, दुसऱ्यावर दिवे, असे वेगवेगळे चालवावेत. हे न झाल्यास विद्युत निरीक्षकांकडे अर्ज करावा लागेल. पुढच्या वेळी वीज गेल्यावर सातव्या मजल्याचे गृहस्थ लिफ्टमध्ये अडकावेत, अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण ते जिना वापरत नाहीत, याची समितीने नोंद घ्यावी.

आपला,
एक सभासद, ए विंग

प्रत : सचिव (या वेळी तरी सूचना फलकावर लावावी)