भाड्याचा आकडा शेवटी, मे महिन्यातले पाणी आधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून उजाडला की रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ इथे बदलीवर आलेले शिक्षक, परिचारिका, बँकेतले कर्मचारी भाड्याची जागा शोधू लागतात. शहरातल्या दोन खोल्यांच्या भाड्यात पंधरा-वीस किलोमीटरवरच्या वाडीत पडवी, परसू आणि विहिरीसकट अख्खे घर मिळते, आणि आकडा ऐकूनच अनेकांचा निर्णय होऊन जातो. वाडीतले घर वाईट असते असे मुळीच नाही. पण ते पाहायचे कसे हे ठाऊक नसले, तर वर्षाच्या आत बिऱ्हाड पुन्हा हलवावे लागते.

पहिला प्रश्न पाण्याचा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिल संपता संपता वाड्यांवर टँकर फिरू लागतात. इथला जांभा दगड सच्छिद्र आहे. पाणी मुरते आणि उताराने खाडीकडे निघूनही जाते. त्यामुळे जुलैत काठोकाठ भरलेल्या विहिरीवरून काहीच ठरवता येत नाही. घर मे महिन्यात पाहता आले तर उत्तम. पोहरा तळापर्यंत सोडावा आणि ओली झालेली दोरी मोजावी. चार-पाच फूट पाणी असेल आणि अर्धा तास पंप चालवून उतरलेली पातळी सकाळपर्यंत परत वर येत असेल, तर चार माणसांचे निभते. माणशी 100 लिटर धरले तर रोजचे 400 लिटर, म्हणजे 1000 लिटरची टाकी अडीच दिवस पुरते. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. डाळ शिजते का, साबणाला फेस येतो का, हे मालकाला न विचारता शेजारच्या घरातल्या बाईंना विचारावे. विहिरीवर रहाट शाबूत आहे का तेही पाहावे, कारण वीज गेली की पंप बंद आणि इन्व्हर्टरवर तो चालत नाही.

शहरातही पाण्याचे दुखणे आहेच. धरणातला साठा खालावला की नळ दिवसाआड येतो. तेव्हा इमारतीची साठवण टाकी किती लिटरची आणि बिऱ्हाडे किती, हे विचारावे. बारा बिऱ्हाडांना 10,000 लिटर म्हणजे घरटी आठशेच्या आसपास. दिवसाआड पाण्यात तेवढे जेमतेम पुरते, पाहुणे आले की तेही नाही.

दुसरे छप्पर. कौलारू घराची शाकारणी, म्हणजे कौले काढून, साफ करून पुन्हा रचणे, दरवर्षी पावसाआधी व्हावी लागते. ती कोण करणार, मजुरी कोणाची, हे आधीच बोलून घ्यावे. वानरे कौले फोडतात आणि नवे कौल जुन्यात सहसा बसत नाही, कारण प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी असते. खाच जुळली नाही की झडीचे पाणी कौलाखालून मागे फिरते, रिपांवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांवर, उतरते आणि दोन पावसाळ्यांत रीप कुजते. म्हणून त्याच छापाची पन्नासेक कौले मागच्या पडवीत रचून ठेवलेली असतील तर मालक घराची काळजी घेणारा आहे असे समजावे. वासा भिंतीत शिरतो तिथे मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवी; बोटाच्या पेराने वासा ठोकून पोकळ आवाज येतो का पाहावे. चिऱ्याच्या भिंतीला खालून लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा पांढरा क्षार, चढला असेल तर त्या भिंतीला लागून कपाट ठेवू नये. पत्र्याचे छप्पर असेल तर पत्रा कैच्यांना, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला, हुकांनी आवळलेला आहे का, हे जरूर बघावे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत किती पत्रे उडाले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

फ्लॅटमध्ये मला सर्वात जास्त भीती वाटते ती वरच्या मजल्याच्या पश्चिमेकडच्या खोलीची. समुद्राकडून येणारी झड त्या भिंतीवर चार महिने आपटते. गच्चीवर पत्र्याची शेड नसेल तर स्लॅबही पाझरतो. आतून ताजा रंग दिलेला असला तरी कोपऱ्यात आणि खिडकीच्या चौकटीखाली हात फिरवून ओल तपासावी. चिपळूणला तर 22 जुलै 2021 च्या पुराचे पाणी त्या इमारतीत कुठवर चढले होते हे विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. घर दुसऱ्या मजल्यावर असले, पण विजेचे मीटर आणि पंप तळमजल्यावर असले, तर घर कोरडे राहूनही दिवे आणि पाणी दोन्ही जाते.

प्रवासाचा हिशेब सोपा आहे. 18 किलोमीटर जाऊन-येऊन, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 900 किलोमीटर. दुचाकी लिटरला 45 देत असेल तर 20 लिटर पेट्रोल, लिटरला 105 रुपये धरले तर 2100 रुपये. भाड्यात जे वाचते त्यातून तेवढे वजा करावे. एसटीवर अवलंबून असाल तर वस्तीची गाडी मुक्कामाला येते का ते बघावे आणि शाळेच्या सुट्टीत कोणत्या फेऱ्या बंद होतात तेही.

आता कागद. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज अजून गेलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. वाडीतल्या घराचाही करार आग्रहाने नोंदवून घ्यावा. भाडे 6000 आणि अनामत 30,000 असेल तर 0.25 टक्के दराने मुद्रांक शुल्क दोनशेच्या आत बसते. नोंदणी फी ग्रामीण भागात 500, शहरात 1000. एवढ्यासाठी तोंडी व्यवहार करणे परवडत नाही. वाडीत आणखी एक अडचण असते: सातबारा सामाईक, हिस्सेदार मुंबईला. भाडे घेणारा एक आणि गणपतीला हक्काने येणारे तिघे. घरपट्टीच्या उताऱ्यावर कोणाची नावे आहेत ते पाहून सर्वांची लेखी संमती घ्यावी. गणपती आणि शिमग्याला कोणत्या खोल्या मालकांच्या, किती दिवस, स्वयंपाकघर कोणाचे, हे करारातच लिहावे. देव ज्या खोलीत बसतो ती खोली बहुधा भाड्यात नसते, आणि ते रास्तच आहे.

लहान मूल किंवा औषधांवर असलेले आईवडील सोबत असतील तर पहिले वर्ष शहरात काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वर्षात एक मे महिना आणि एक जुलै महिना बघून होतो, चार वाड्यांची माहिती मिळते आणि मग बाहेरचे घर डोळसपणे निवडता येते.

जूनमध्ये येणाऱ्याला मात्र मे महिन्यातली विहीर दिसणार कशी? दरवर्षी पाणीटंचाई आराखडा तयार होतो आणि त्यात वाडीनिहाय नावे असतात. पंचायत समितीत जाऊन तो पाहता येतो, पण नव्या माणसाला हे सुचत नाही. आपण ती यादी तालुकावार, बदल्यांच्या सुमारास, एका पानावर छापावी, अशी विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी