जुन्या बीटलची काच आणि विजेचा हीटर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारींच्या देखभालीवर जो लेख आला, त्यात हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांमधील हीटरविषयी दोनच वाक्ये आहेत. गोव्याच्या हवेत हीटरचे कामच काय, असा शेरा पहिल्यात आहे. ज्यांना हौसच असेल त्यांनी बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा, १५० वॉटचा हीटर आणून सिगारेट लायटरच्या सॉकेटात खोचावा, असा सल्ला दुसऱ्यात आहे. १९७० सालची फोक्सवॅगन बीटल अनेक पावसाळे चालवत आलेला वाचक म्हणून मला ही दोन्ही वाक्ये खटकली. पहिल्याने फारसे बिघडत नाही; दुसऱ्याने मात्र एखाद्याची गाडी पेटू शकते, म्हणून हा पत्रप्रपंच.

पणजीत जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा २० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे पाय गारठले म्हणून हीटर लावणारा गोमंतकीय मला अजून भेटायचा आहे. आमची अडचण पावसाळ्यातल्या काचेची आहे. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढू लागले की बाहेर पाऊस आणि धुके, आत चार माणसांचे श्वास, भिजलेल्या छत्र्या आणि ओले कपडे, आणि पावसाने गार झालेली पुढची काच. तिच्या आतल्या बाजूवर पाच मिनिटांत अशी वाफ धरते की समोरून येणारा ट्रक दिव्यांच्या दोन पिवळ्या डागांवरून ओळखावा लागतो. ट्रकचालक काचेला बाहेरून तंबाखू चोळतात, त्याने पावसाचे पाणी ओघळून जाते, पण आतल्या वाफेवर त्याचा काही उपयोग नाही. एका हाताने फडके फिरवत दुसऱ्या हाताने घाटाची वळणे घेणे मी केले आहे आणि ते कोणी करू नये.

बीटलमध्ये मुळात हीटर नसतो असे नाही. इंजिनात पाणीच नसल्यामुळे इतर गाड्यांसारखा गरम पाण्याचा हीटर तिच्यात बसत नाही. तिच्या एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती पत्र्याचे कवच असते, इंजिनाचा पंखा त्यातून हवा ढकलतो आणि ती तापलेली हवा दारांखालच्या पोकळ पट्ट्यांमधून पुढे काचेपर्यंत येते. रचना सुंदर आहे, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत ही कवचे आणि त्या पट्ट्या गंजतात. पट्टी गंजली तर हवा वाटेतच गळते, एवढेच. कवचाच्या आतली नळी गंजली तर मात्र एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड हवेबरोबर थेट माणसांपर्यंत पोहोचतो, आणि त्याला वास नसतो. जुनी कवचे शोधून पुन्हा बसवा असे सांगणारे जाणकार आहेत, परंतु सेकंडहँड कवच आतून किती खाल्ले गेले आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने कवचे काढून साध्या नळ्या घातल्या होत्या. तसे ज्यांनी केले असेल त्यांनी पंख्याच्या घराला असलेली, कवचांकडे हवा नेणारी दोन तोंडे बंद केली आहेत ना, हे एकदा पाहून घ्यावे; ती उघडी राहिली तर इंजिन थंड करणारी हवा तिथून निसटते.

आता विजेकडे येतो. १५० वॉट हा आकडा लहान वाटतो, पण १२ व्होल्टवर त्याचा अर्थ साडेबारा अँपिअर होतो. माझ्या गाडीला लायटरचे सॉकेटच नव्हते, म्हणून मी ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली तिथल्या मेस्त्रीने हीटरची वायर वायपरच्या फ्यूजला जोडून दिली. तो फ्यूज ८ अँपिअरचा, चिनी मातीच्या छोट्या कांडीवर धातूची पट्टी असलेला. केरी सोडून वरची वळणे लागली, हीटर सुरू केला, काच खरोखरच साफ होऊ लागली, आणि काही मिनिटांत फ्यूज उडून हीटरबरोबर वायपरही थांबले. भर पावसात. गाडी कडेला घेऊन पाहिले तर फ्यूजची खोबण हाताला चटका बसण्याइतकी तापली होती. परत आल्यावर त्याच मेस्त्रीने सुचवलेला उपाय असा, की सिगारेटच्या पाकिटातली चांदी, म्हणजे चकचकीत धातूचा कागद, फ्यूजभोवती गुंडाळावी. तशी चांदी गुंडाळली की फ्यूज उडत नाही, त्याऐवजी वायर तापते, आणि ती वायर डॅशबोर्डच्या मागे पन्नास वर्षांच्या जुन्या आवरणातून गेलेली असते.

दुसरा हिशेब डायनॅमोचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा. माझ्या गाडीचा डायनॅमो ३० अँपिअरचा, म्हणजे भरधाव असताना फार तर ३६० वॉट देणारा. पुढचे दोन दिवे डिपवर ८० वॉट घेतात, मागचे आणि मीटरचे दिवे २० ते २५, इग्निशन कॉइल आणि वायपर प्रत्येकी ४०च्या आसपास. उरतात साधारण १७० वॉट, आणि त्यात १५०चा हीटर जेमतेम मावतो. ब्रेक दाबला की त्याचे दोन दिवे आणखी ४२ वॉट मागतात, तेवढा क्षण बॅटरी सांभाळून घेते. पण घाटात ट्रकच्या मागे गाडी अडकून इंजिन नुसते फिरत राहिले, तर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. मीटरमधला लाल दिवा मिणमिणू लागला की हीटर बंद करणे भाग आहे. मुक्तीपूर्वी गोव्यात आलेल्या बीटल ६ व्होल्टच्या आहेत. त्यांत तेवढ्याच वॉटला २५ अँपिअर लागतात, म्हणून त्यांच्या मालकांनी या भानगडीत न पडलेले बरे.

मग १५० वॉटने होते तरी काय? गाडी उबदार करण्यासाठी ते काहीच नाहीत. पण लहान ब्लोअरने तासाला १०० घनमीटर हवा काचेवर सोडली तर १५० वॉट तिला सुमारे साडेचार अंशांनी तापवतात, आणि २५ अंशांची ९५ टक्के आर्द्रतेची हवा तेवढ्याने ७३ टक्क्यांवर उतरते. वाफ निघायला हे पुरते. हवा बाहेरून घ्यावी, कारण आतली हवा आमच्याच श्वासांनी दमट झालेली असते. शिवाय दारांच्या तिकोनी काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात.

सध्या माझ्या गाडीत जे बसवले आहे ते एका वायरमन मित्राच्या मदतीने केलेले आहे. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर नळीतून पुढे आणली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज लावला आणि रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, इग्निशनच्या चावीवर ठेवला. ब्लोअर सुरू असल्याशिवाय हीटरला वीज मिळत नाही. निक्रोमच्या तारेचा हीटर टाळून सिरॅमिकचा घेतला, कारण तो तापेल तसा त्याचा विद्युतरोध वाढतो आणि पंखा अडकला तरी तो लाल होत नाही. सुरुवातीचे काही क्षण तो जास्त वीज ओढतो, हे फ्यूज निवडताना लक्षात घ्यावे लागते. बॅटरीवर रबरी झाकण घातले आहे, कारण मागे जड माणूस बसला की सीटची स्प्रिंग बॅटरीच्या टर्मिनलला टेकण्याची भीती या गाडीत कायमची असते.

पत्र्याला एकही नवे भोक पाडलेले नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात असेल तरच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तेव्हा उद्या नोंदणी करायची ठरली तर अर्ध्या तासात सगळे काढून ठेवता यावे अशी ती जोडणी आहे.

लायटरच्या सॉकेटाविषयीचे ते वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करावे, ही विनंती. आणि आपल्या वाचकांपैकी कोणी डायनॅमोच्या गाडीत १५० वॉटहून मोठा हीटर चालवत असेल, तर दिवे आणि वायपर चालू असताना व इंजिन नुसते फिरत असताना बॅटरीतून किती अँपिअर जातात ते मोजून याच सदरात कळवावे.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा – गोवा